हसवणारीचं ऑस्कर

१९५१ च्या ऑस्करला ‘ऑल अबाउट ईव्ह’मधल्या बेटी डेव्हिस आणि अ‍ॅन बॅक्स्टर, दोघीही नायिकेच्याच बक्षिसाला उभ्या! सख्ख्या जावांनी एकाच वॉर्डातून निवडणूक लढवावी तसं. शिवाय ‘सनसेट बुलेव्हार्ड’ची ग्लोरिया स्वॅन्सन होतीच. बाहुली मात्र ‘बॉर्न यस्टरडे’च्या ज्यूडी हॉलिडेनं नेली. मतं फुटली म्हणून डेव्हिस हरली, असं जाणकार अजून हळहळतात. डेव्हिस थोर खरीच. पण हसवणारीला बक्षीस मिळालं की लगेच मतमोजणीवर शंका का हो? त्यातला जिन रमीचा डाव बघा. ही बया गुणगुणत, ठेक्यात पानं लावत बसते, आणि तो दांडगा ब्रॉडरिक क्रॉफर्ड समोर नुसता धुमसतो. डाव अर्थात तीच मारते.