काम्पो दे फियोरीतील झगाधारी

२०२५ च्या ज्युबिली वर्षात आमच्या धर्मग्रामातील भाविकांसह रोमची यात्रा करण्याचा योग आला. पवित्र द्वारांतून प्रवेश झाला, बसिलिका पाहून झाल्या, आणि एके दिवशी सकाळी पायी फिरता फिरता आमची मंडळी काम्पो दे फियोरी या जुन्या चौकात येऊन पोहोचली. नावाचा अर्थ फुलांचे मैदान. १८६९ पासून तिथे रोजचा बाजार भरतो. छत्र्यांखाली भाजीपाला, फळे, मसाले, फुले. वसईच्या बाया परमुलखातल्या बाजारातही भाव विचारल्याविना पुढे सरत नाहीत, त्यामुळे आम्ही थांबलो. चौकाच्या मधोमध उंच चौथऱ्यावर एक काळसर ब्राँझचा पुतळा उभा आहे. अंगात संन्याशाचा झगा, डोक्यावरची टोपडी पार कपाळाखाली ओढलेली, मान किंचित झुकलेली, हात समोर मनगटांपाशी एकावर एक ठेवलेले आणि त्यांच्याखाली एक पुस्तक. आमच्यातील एका वयोवृद्ध मावशींनी नुकतीच विकत घेतलेली फुले पायऱ्यांवर ठेवली, क्रुसाची खूण केली आणि विचारले, "फादर, हे कुठले संत?"

आम्ही लगेच उत्तर देऊ शकलो नाही. मावशींच्या चुकीत त्या पुतळ्याची जी समीक्षा दडलेली होती ती आम्हांस एरवी सुचली नसती. म्हणून हा लेख.

तो पुतळा जॉर्दानो ब्रुनो यांचा. डॉमिनिकन संघाचे हे एकेकाळचे धर्मगुरू. १७ फेब्रुवारी १६०० रोजी याच चौकात त्यांना जिवंत जाळण्यात आले. तेही ज्युबिलीचेच वर्ष होते, शहर यात्रेकरूंनी भरलेले होते. चौक शिक्षेला सरावलेलाच होता. लगतच्या एका गल्लीचे नाव आजही व्हिया देल्ला कोर्दा, म्हणजे दोरीची गल्ली, असे आहे. पाठीमागे बांधलेल्या हातांनी माणसाला दोरीवर वर ओढून खाली झटका देण्याची शिक्षा तिथे सर्वांदेखत दिली जाई. ९ सप्टेंबर १५५३ रोजी, ज्यूंच्या नववर्षदिनी, याच चौकात ताल्मूदच्या प्रती जाळण्यात आल्या. त्याची आठवण देणारी फरशी २०११ साली जमिनीत बसविली गेली. तिच्यावरून लोक भाजीच्या पिशव्या घेऊन चालत असतात.

पुतळा घडविला एत्तोरे फेर्रारी या शिल्पकाराने. अनावरण ९ जून १८८९ रोजी झाले, आणि तो दिवस पेंटेकॉस्टचा रविवार होता. निवड अजाणतेपणी झाली असे म्हणण्याइतके आम्ही भाबडे नाही. १८७० साली इटलीच्या सैन्याने रोम घेतले होते. पोप महाशयांच्या हातून राज्य गेले होते. नव्या इटलीला जुन्या रोमच्या छातीवर आपला एक खांब रोवायचा होता. व्हिक्टर ह्यूगो, इब्सेन, हर्बर्ट स्पेन्सर अशा थोरांनी स्मारकाला पाठिंबा दिला होता. पोप लिओ तेरावे यांनी तो दिवस उपवासात घालविला आणि महिनाअखेरीस कार्डिनलांपुढे निषेध नोंदविला. फेर्रारी पुढे इटलीतील फ्रीमेसन संघटनेचे महागुरू झाले. १९२९ च्या करारावेळी पुतळा हलविण्याची मागणी झाली, ती मुसोलिनीने मानली नाही. एवढे राजकारण पुरे. पुतळा कसा आहे हे पाहणे आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते.

आणि तिथेच मावशींची चूक आमच्या मदतीस येते. फेर्रारीला ख्रिस्तसभेविरुद्ध एक हुतात्मा उभा करायचा होता. पण हुतात्मा कसा दिसतो हे त्याला ख्रिस्तसभेखेरीज दुसऱ्या कोणीच शिकविले नव्हते. झगा, टोपडी, नम्र मान, हातात ग्रंथ, ही सारी आमच्या वेदींवरील संतांची भाषा आहे. इतिहासाकडे पाहावे तर ब्रुनो यांनी १५७६ सालीच मठ सोडला होता. न्यायसभेने त्यांना नगराच्या गव्हर्नरच्या हवाली करण्यापूर्वी त्यांची गुरुदीक्षा विधिपूर्वक काढून घेतली होती. समकालीन नोंदींनुसार त्यांना नग्न करून खांबाला बांधले होते आणि बोलता येऊ नये म्हणून त्यांची जीभ जखडलेली होती. ज्याच्या अंगावर एक चिंधीही ठेवली नाही त्याला शिल्पकाराने नखशिखान्त झगा चढविला. शिवाय ब्रुनो देहाने लहानखुरे. इंग्लंडमधील जॉर्ज ॲबट, जे पुढे कँटरबरीचे आर्चबिशप झाले, त्यांनी १६०४ साली छापलेल्या पुस्तकात या माणसाच्या देहापेक्षा त्याचे नावच लांब आहे अशा आशयाची थट्टा केली आहे. फेर्रारीचा ब्रुनो मात्र साऱ्या बाजारावर सावली टाकतो.

चौथऱ्यावरील तीन उठावचित्रांबद्दल फार लिहावेसे वाटत नाही. ऑक्सफर्डमधील व्याख्यान, शिक्षेचे वाचन आणि चिता, असे हे तीन नाट्यप्रवेश आहेत. हातवारे पुष्कळ, माणसे थोडी. ऑक्सफर्डचा प्रसंग विजयासारखा कोरला आहे. प्रत्यक्षात १५८३ मध्ये तिथे ब्रुनो यांच्यावर फिचिनोच्या ग्रंथातून उचलेगिरी केल्याचा आरोप झाला होता. खाली कोरलेला लेख तर आम्हांस स्मारकाचा सर्वांत दुबळा भाग वाटतो. ब्रुनो यांनी ज्या शतकाची चाहूल आधीच घेतली होती त्या शतकाने हे स्मारक त्यांना अर्पण केले, अशा अर्थाच्या त्या ओळी आहेत. म्हणजे मान मेलेल्याचा आणि पाठ थोपटली जाते ती एकोणिसाव्या शतकाची! आपल्याकडेही स्मारकांच्या कोनशिलेवर थोरांपेक्षा उद्घाटकांची नावे ठळक असतात, त्यातलाच हा प्रकार.

शिवाय विज्ञानाचा हुतात्मा ही प्रतिमाही तपासून घ्यावी लागते. आम्ही सेमिनरीत असताना तत्त्वज्ञानाच्या इतिहासात ब्रुनो यांच्या वाट्याला एकच वाक्य आले होते: सर्वेश्वरवादी, आणि पुढचे पान. बाहेरच्या पुस्तकांत दुसरे एकच वाक्य मिळे: पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हटले म्हणून जाळले. दोन्ही वाक्ये आळशी आहेत. खटल्याची मूळ कागदपत्रे नेपोलियनच्या काळात पॅरिसला नेली गेली आणि तिथे नष्ट झाली. पण त्यांचा एक सारांश १९४० साली व्हॅटिकनच्या अभिलेखागारात आंजेलो मेर्काती यांना सापडला आणि त्यांनी तो १९४२ साली प्रसिद्ध केला. त्यावरून दिसते की असंख्य जगांची कल्पना आरोपांत होती, पण त्याबरोबर पवित्र त्रैक्य, ख्रिस्ताचे देवत्व, मिस्साबलीतील भाकरीचे रूपांतर, आत्म्याचा देहांतरप्रवास असे कितीतरी विषय होते. ब्रुनो यांचे कोणाशी पटले असे दिसत नाही. १५७९ मध्ये जिनीव्हात कॅल्विनपंथीयांनी आणि १५८९ मध्ये हेल्मश्टेटला ल्यूथरपंथीयांनीही त्यांना बहिष्कृत केले. १५९२ साली व्हेनिसमध्ये ज्या यजमानाच्या घरी ते राहत होते त्यानेच त्यांना पकडून दिले.

आता कोणी म्हणेल, फादर, तुम्ही हळूहळू वकिली करू लागलात. तसे नव्हे. ब्रुनो यांची मते आमच्या श्रद्धेशी जुळत नाहीत, एवढेच आम्ही म्हणतो. न जुळणाऱ्या माणसाला आठ वर्षे कोठडीत ठेवून पहाटे बाजारात नेऊन जाळावे, हे त्यातून कुठल्याच तर्काने निघत नाही. 'तो काळच तसा होता' हे उत्तर आम्ही स्वतः अनेक वर्षे युवकांना दिले आहे. त्या चौकात उभे असताना ते आमच्या तोंडून बाहेर पडेना. त्या काळातही प्रभूचे शुभवर्तमान तेच होते, आणि गव्हातील निदण कापणीपर्यंत राहू द्या हा दाखला त्यात होताच.

आम्हांला अधिक छळणारी गोष्ट निराळी आहे. शिरच्छेदित संत योहानाच्या नावाची एक बंधुमंडळी रोममध्ये होती. मृत्युदंड झालेल्यांना अखेरच्या रात्री धीर देणे हे तिचे व्रत. त्या मंडळीच्या नोंदवहीत ब्रुनो यांची नोंद आहे. तोर दी नोना या तुरुंगात डॉमिनिकन, येशूसंघीय आणि इतर धर्मगुरू त्यांच्याजवळ बसले, त्यांना परोपरीने विनवीत राहिले. त्यांनी मानले नाही. शेवटी समोर धरलेल्या क्रुसावरून त्यांनी तोंड फिरविले असे एका समकालीनाने लिहून ठेवले आहे. फेर्रारीच्या स्मारकाकडे पाहताना सामान्य पाहुणा स्वतःला ब्रुनोच्या जागी कल्पितो. पुतळ्याची रचनाच तशी आहे. आम्हांला ती मुभा नाही. आम्ही १६०० साली रोममध्ये असतो तर न्यायाधीश बेलार्मिन होण्याइतकी आमची विद्वत्ता नव्हती. बेलार्मिन यांना १९३० साली संतपद आणि पुढच्या वर्षी धर्मपंडिताची पदवी मिळाली. आम्ही झालो असतो तो क्रूस धरून चालणारा धर्मगुरू. तळमळीने प्रार्थना केली असती, कदाचित रडलोही असतो, आणि गव्हर्नरच्या शिपायांना अडविले नसते. पुतळ्याची झुकलेली मान आणि सावलीत बुडालेला चेहरा यांचे सामर्थ्य आम्हांस इथे जाणवले. झग्याची निवड इतिहासाशी विसंगत खरी, पण त्या नजरेत आव्हान नाही, बोट उगारलेले नाही. ते मनगटांवर ठेवलेले हात बांधलेले आहेत की मिटलेले, हे शेवटपर्यंत ठरत नाही. कलाकार आपल्या पक्षापेक्षा थोडा मोठा ठरला तो एवढ्या एका जागी.

याच चौथऱ्यावर आठ पाखंडी ठरविलेल्यांची पदके आहेत. त्यांत विक्लिफ व हुस यांच्या पंगतीत मायकेल सर्व्हेटस आहे. त्याची गोष्ट तुलनेसाठी उपयोगी पडते. फ्रान्समधील व्हिएन येथे कॅथलिक न्यायालयाने त्याची प्रतिमा जाळली आणि काही महिन्यांतच, २७ ऑक्टोबर १५५३ रोजी, कॅल्विनच्या जिनीव्हाने त्याला प्रत्यक्ष जाळले. ३५० वर्षांनंतर, १९०३ साली, तिथे एक शिळा उभारली गेली, आणि ती उभारली कॅल्विनच्या अनुयायांनीच. तिच्यावर कॅल्विनविषयी कृतज्ञता आहे आणि त्या चुकीचा धिक्कारही. आम्ही ती शिळा केवळ छायाचित्रात पाहिली आहे. शिल्प म्हणून तीत काही नाही, नुसता दगड. चूक व्यक्तीची नसून शतकाची होती असे सुचविणारी मखलाशीही तीत आहे. त्यावरून टीका झाली आणि सर्व्हेटसचा खराखुरा पुतळा जिनीव्हात यायला २०११ साल उजाडले. तरीही ज्यांच्या हातून घडले त्यांच्याच वारसांनी लावलेला तो दगड आहे, आणि म्हणून फेर्रारीच्या सुंदर ब्राँझहून आम्हांस तो अधिक बोलका वाटतो. रोममध्ये पुतळा विरोधकांनी उभारला आणि आम्ही उपवास केला. उपवास ब्रुनोसाठी नव्हता.

आमच्याकडून शब्द आले ते उशिरा. फेब्रुवारी २००० मध्ये कार्डिनल सोदानो यांनी नेपल्स येथील परिषदेला पाठविलेल्या पत्रात या मृत्यूबद्दल खोल खेद व्यक्त केला. मतांशी असहमती कायम ठेवून. १२ मार्च रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी संत पेत्र बसिलिकेत ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या अपराधांबद्दल क्षमायाचना केली. दगडाचा मात्र एक तुकडाही आम्ही अजून कुठे लावलेला नाही. गोव्याचेच घ्या. १५६० ते १८१२, मधली काही वर्षे वगळता, तिथे इन्क्विझिशन चालले. जुन्या गोव्यात से कॅथेड्रलजवळ त्याचा वाडा होता, तो पाडला गेला. त्या जागेवरून दर डिसेंबरात संत फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला आपण सारेच जातो. तिथे काही लिहावे असे कोणी सुचविले, तर त्यात विरोधकांचा डाव शोधण्याची आपल्याला घाई होते. डाव असेलही. पण दगड आपणच आधी लावला असता तर डावाला जागा कुठे उरली असती?

मावशींना आम्ही खरे ते सांगितले. हे संत नव्हेत, धर्मगुरू होते, शिकवण चुकली असे ठरले, इथे जाळले. "कोणी?" त्यांनी विचारले. आपल्याच लोकांनी, असे आम्ही म्हणालो. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. फुले उचलून घेतील असे वाटले, पण त्यांनी घेतली नाहीत. बसमध्ये बसल्यावर त्यांनी विचारले, बाप्तिस्म्याचे नाव काय होते? जॉर्दानो हे मठातले नाव. १५४८ साली नोला गावी जन्मलेल्या त्या मुलाचे पाळण्यातले नाव फिलिप्पो. आम्ही ते सांगितले. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या मिस्सेसाठी मावशींनी नेहमीप्रमाणे मृतांची यादी चिठ्ठीवर लिहून दिली. नवरा, थोरला भाऊ, जाऊ, आणि शेवटी फिलिप. आम्ही चारही नावे वाचली.