बदल्यांचा मोसम

फुटबॉलचा खरा मोसम कधी सुरू होतो, असं मला कुणी विचारलं तर मी सांगेन, शेवटचा सामना संपला की! मे महिन्याच्या अखेरीस युरोपातली मैदानं रिकामी होतात, खेळाडू समुद्रकाठी जाऊन अंगावर ऊन घेतात, आणि इकडे मुळशी तालुक्यातल्या माण गावात फुटबॉलला ऊत येतो. मोसम चालू असताना बोलायला बंधनं असतात. शनिवारी काहीतरी ठोकून द्यावं, तर रविवारी निकाल येऊन आपलं तोंड बंद करतो. जून-जुलैत ती भीती नाही. सामनाच नाही, त्यामुळे हरत कुणीच नाही आणि चर्चेत मात्र प्रत्येक जण जिंकतो.

माण म्हणजे हिंजवडीच्या आयटी पार्कचा तिसरा टप्पा जिथं पसरलाय ते गाव. काचेच्या इमारतीत बंगाली आणि मल्याळी इंजिनिअर काम करतात, गावातल्या खोल्यांत भाड्यानं राहतात, आणि शनिवारी संध्याकाळी घरमालक नि भाडेकरू सलूनच्या एकाच बाकावर बसतात. मीही तिथं जातो. माझ्या डोक्यावर आता कापण्यासारखं फारसं उरलेलं नाही, पण ऐकण्यासारखं तिथं पुष्कळ असतं. गावातला एक तरुण मँचेस्टर युनायटेडचा, तर त्याचा सख्खा चुलतभाऊ लिव्हरपूलचा. जमिनी गेल्या, बांध गेले. भाऊबंदकीला दुसरा काहीतरी विषय लागतोच.

आपल्याकडे पुस्तकांची परीक्षणं होतात, नाटकांची होतात, गाण्याच्या मैफलीची तर बाहेर पडता पडता जिन्यातच होतात. पण दरसाल दोन-अडीच महिने चालणाऱ्या या तोंडी वाङ्मयाकडे एकाही समीक्षकाचं लक्ष गेलेलं नाही. म्हणून ते काम मी अंगावर घेतलं आहे. माझी पात्रता? बी.कॉम. फुटबॉल मला बेताचाच कळतो, पण हिशेब कळतो. आणि मोसमाच्या मधल्या काळात या वाङ्मयात खेळ थोडा, हिशेबच फार.

या वाङ्मयाचे तीन भाग पडतात. पहिला भाग खेळाडूंविषयी. त्याचा नियम असा की येणारा खेळाडू नेहमी गुणी असतो आणि जाणारा नेहमी आळशी. लग्नाच्या बैठकीत स्थळाबद्दल जी भाषा चालते तीच इथं चालते. वय किती, गुडघा कसा, पूर्वीच्या घरी भांडण का झालं. मग देण्याघेण्याचा विषय निघतो. दाढीचे दहा रुपये जास्त झाले म्हणून सलूनवाल्या मामांशी हुज्जत घालणारा माणूस एका स्ट्रायकरसाठी दहा कोटी युरो तिथल्या तिथं मंजूर करतो. तारण नाही, जामीनदार नाही, सातबारा नाही! २०१७ मध्ये पॅरिसच्या क्लबनं नेमारसाठी बार्सिलोनाला २२ कोटी २० लाख युरो मोजले. त्या वेळच्या दरानं सोळाशे कोटी रुपयांहून अधिक. "स्वस्तात मिळाला," असं त्यावर ठणकावून सांगणारा गृहस्थ मी ऐकलेला आहे. तो त्या वेळी मोटरसायकलचे हप्ते फेडत होता.

या भागातला माझा आवडता प्रसंग मेस्सीचा. ऑगस्ट २०२० मध्ये या थोर माणसानं बार्सिलोनाला 'मी जातो' हे कसं कळवलं? स्पेनच्या टपालखात्याच्या पोहोचपावतीवाल्या सेवेनं, म्हणजे थेट आपल्या रजिस्टर पत्रासारखं! जगातला सर्वांत मोठा खेळाडू, पण राजीनाम्याच्या बाबतीत थेट आमच्या कारकुनांच्या पंगतीत येऊन बसला. क्लबनं तेव्हा त्याला सोडलं नाही, तो वर्षभर थांबला. २०२१ मध्ये त्याला थांबायचं होतं, तर पैशाचे नियम आडवे आले आणि क्लबला त्याला ठेवता येईना. हे ज्यानं कधी मेच्या बदल्या पाहिल्यात त्याला समजावून सांगावं लागत नाही. जायचं असतं तेव्हा अर्ज फेटाळतात, आणि मुलाची दहावी म्हणून राहायचं ठरवलं की आदेश येतो.

दुसरा भाग मॅनेजरविषयी. सर ॲलेक्स फर्ग्युसन १९८६ ते २०१३ एवढा काळ मँचेस्टर युनायटेडच्या खुर्चीवर होते. आमच्याकडे एका शाखेत तीन वर्षं काढली तरी माणसाकडे संशयानं बघतात. फर्ग्युसननंतर आलेल्या मॉईससाहेबांना सहा वर्षांचा करार मिळाला आणि ते दहा महिन्यांत घरी गेले. मग व्हान खाल, मोरिन्यो, सोल्सशायर, टेन हाग, अमोरिम. प्रत्येकाच्या बाबतीत जूनमध्ये बाकावरचं मत एकच, "त्याला टाइम दिला पायजे." आणि दिवाळीच्या आत तेच तोंड, तोच बाक, "आधी त्याला हाकला!" समीक्षक या नात्यानं मला नोंदवलं पाहिजे की या वाङ्मयात कल्पनाशक्ती अफाट आहे, भाषा रोखठोक आहे, पण स्मरणशक्तीच्या नावानं शून्य.

तिसरा भाग क्लबविषयी, आणि इथं मात्र माझी पेन्सिल जरा थांबते. "आपण यंदा डिफेन्डर घेतोय." "आपण त्याला विकायला नको व्हता." हे 'आपण' कोण? मराठीत 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटलं की तोही आत येतो. इंग्रजीला ही सोय नाही. माणच्या बाकावर बसलेला मुलगा 'आपण' म्हणतो तेव्हा तो स्वतःला, मला, सलूनवाल्या मामांना आणि मँचेस्टरच्या मालकांना एका सतरंजीवर बसवतो. मालकांना याचा पत्ता नसतो. त्यांचं काही बिघडत नाही, याचंही नाही. दूरच्या नातेवाइकाच्या श्रीमंतीचा अभिमान बाळगायला पैसे पडत नाहीत.

पण एके काळी हे 'आपण' जवळही होतं. माणहून म्हाळुंग्याच्या बाजूनं निघालं की बालेवाडीचं क्रीडासंकुल लागतं, १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बांधलेलं. तिथं २००७ मध्ये स्थापन झालेला पुणे एफसी खेळला. आय-लीगच्या पहिल्याच मोसमात त्यानं तिसरा नंबर काढला. तिथं भारत एफसी खेळला आणि एकाच मोसमात मिटला. तिथं डीएसके शिवाजियन्स दोन मोसम आय-लीग खेळले आणि २०१७ नंतर दिसले नाहीत. आणि २०१४ पासून तिथंच एफसी पुणे सिटी खेळला. १९९८ चा विश्वचषक जिंकलेला फ्रान्सचा डेव्हिड त्रेझेगे या मैदानावर आपल्या डोळ्यांदेखत धावला. विश्वविजेता आणि आमची हद्द यांत रिक्षाचं भाडं काय ते उभं होतं!

या क्लबची बाकावरची समीक्षा मी नीट ऐकलेली आहे. पाच मोसम, आणि दर मोसमाला नवा प्रशिक्षक: कोलोम्बा, प्लॅट, हबास, पोपोविच, पोर्तुगाल. या शेवटच्याचं आडनाव पोर्तुगाल आणि माणूस स्पेनचा. तर "हे म्हणजे आडनाव सोलापूरकर आणि राहायला नागपूरला," असं मामांनी वस्तरा परजत सांगितलं होतं. तोही टिकला नाही. मार्च २०१८ मध्ये संघ उपांत्य फेरीत गेला. बालेवाडीत बंगळुरूला शून्य-शून्यवर रोखलं आणि परतीच्या सामन्यात सुनील छेत्रीनं एकट्यानं तीन गोल घातले. त्या उन्हाळ्यात बाकावर जी चर्चा झाली तिला तोड नाही. कुणाला ठेवायचं, कुणाला काढायचं, छेत्रीला अडवायला कुठून माणूस आणायचा.

पुढच्याच, म्हणजे २०१९ च्या उन्हाळ्यात पुन्हा चर्चा बसली. कोणता खेळाडू जाणार? उत्तर आलं, क्लबच जाणार! पुण्याची जागा हैदराबादला गेली. प्रशिक्षक फिल ब्राऊन गेला, लाडका मार्सेलिन्यो गेला, आणखीही खेळाडू गेले. लीगमधली जागा म्हणजे शेवटी एक परवाना, आणि परवाना कागदाचा असतो. तो बॅगेत मावतो. मार्च २०२२ मध्ये हैदराबादनं गोव्याच्या फातोर्ड्याला केरळला हरवून करंडक जिंकला. पुण्यातल्या माणसांनी तो टीव्हीवर पाहिला, दुसऱ्या घरी नांदायला गेलेल्या आपल्या भांड्यांकडे पाहावं तसा. आणि हैदराबादकरांचंही सुख टिकलं नाही. २०२५ मध्ये हाच क्लब दिल्लीला गेला, स्पोर्टिंग क्लब दिल्ली या नावानं. दिल्लीला जागा रिकामी होतीच, कारण तिथला क्लब २०१९ मध्येच भुवनेश्वरला पोचला होता. आमच्या बँकेतल्या बदल्यासुद्धा इतक्या साखळीनं होत नाहीत. शिवाय आम्हाला निदान आदेशाची प्रत मिळते आणि सामानाचं भाडं मिळतं.

हिशेबाच्या नजरेनं बघितलं तर एक मजेशीर गोष्ट दिसते. क्लबचं जे जे म्हणून असतं ते हलवता येतं: परवाना, खेळाडू, प्रशिक्षक, जाळी, चेंडू. ज्याला कुणीही विकत घेतलेलं नाही आणि म्हणून ज्याची बदलीही करता येत नाही, असा एकच माणूस असतो. तो प्रेक्षक. वहीत त्याच्या नावाचा रकाना नसतो. मोसमामोसमांमध्ये तो तीन महिने खेळाडू, मॅनेजर, क्लब यांच्यावर मतं देत बसतो, पण क्लब राहावा की जावा यावर त्याचं मत कुणी विचारत नाही.

कोल्हापुरात हे असं का होत नाही? तिथं पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ हे संघ पेठांतून उगवलेत. पाटाकडील तालीम हैदराबादला हलवायची म्हटलं तर आधी पेठ उचलावी लागेल! कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडे नव्या मोसमासाठी खेळाडूंची नोंदणी सुरू झाली की कोण या तालमीतून त्या तालमीत गेला यावर जी चर्चा होते, तिला वजन असतं, कारण ज्याच्याविषयी बोलायचं त्याची आई मंडईत भेटते. नायजेरियाचे खेळाडू तिथं येऊन खेळून गेले, तेही पेठेचे होऊन. तिथले समर्थक भांडतात, प्रसंगी हात उचलतात, हे काही भूषण नव्हे. पण त्यांचं 'आपण' खोटं नाही.

आणि 'आपण' खोटं नसलं की काय होतं ते विलायतेतल्या विम्बल्डनच्या लोकांनी दाखवलं. २००२ मध्ये त्यांचा क्लब दूरच्या मिल्टन कीन्सला न्यायची परवानगी मिळाली. या मंडळींनी त्याच वर्षी स्वतःचा नवा क्लब काढला, गावाच्या माळावर पोरं पारखून घेतली, पार खालच्या पायरीपासून सुरुवात केली आणि २०११ मध्ये फुटबॉल लीगमध्ये पाऊल ठेवलं. तीही चर्चेला बसणारीच माणसं होती. फक्त त्यांनी चर्चेनंतर वर्गणी काढली.

तेव्हा माझा अभिप्राय असा. माणच्या बाकावरचं वाङ्मय रसाळ आहे, ते बंद पडू नये. दोष एवढाच की त्यातली सगळी रक्कम परदेशी खात्यात भरली जाते आणि घरच्या खात्यावर कुणी सही करत नाही. आमच्याकडे दोन वर्षं व्यवहार झाला नाही की खातं निष्क्रिय होतं. दहा वर्षं कुणी फिरकलं नाही, तर ती ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. मात्र बुडत नाही. खातेदार किंवा त्याचा वारस केव्हाही आला, ओळख पटवली, की ती परत द्यावीच लागते.

बालेवाडीच्या खात्याला २०२९ मध्ये दहा वर्षं होतील. वारस पुष्कळ आहेत, रोज संध्याकाळी चेंडू घेऊन फिरताना दिसतात. एकानं तरी येऊन अर्ज मागावा, एवढीच काउंटरच्या या बाजूची अपेक्षा आहे. फॉर्म मी भरून देईन.