पदवीपरीक्षेंतील समाजशास्त्र

बी. ए.च्या विद्यार्थ्यांसाठीं मराठींत लिहिलेलीं समाजशास्त्राचीं कांहीं पाठ्यपुस्तकें आणि त्यांच्याच पोटीं जन्मलेलीं मार्गदर्शकें आम्हीं मध्यंतरीं एकापाठोपाठ एक वाचून काढलीं. असलीं पुस्तकें वाङ्मय म्हणून कोणी वाचीत नाहीं, व त्यांचें परीक्षणहि मासिकांतून येत नाहीं. परंतु आपल्याकडील पुष्कळ तरुणांनीं समाज या वस्तूविषयीं शास्त्र म्हणून जें कांहीं वाचलेलें असतें तें बहुधा एवढेंच. तेव्हां टीकाकारानें त्यांजकडे पाठ फिरवावी हें आम्हांस बरें वाटत नाहीं.

या पुस्तकांची घडण बहुतेक एकाच सांच्याची आहे. विषय कोणताहि असो, प्रथम अर्थ, मग व्याख्या, मग वैशिष्ट्यें, मग प्रकार, आणि शेवटीं महत्त्व. मॅक्आयव्हर यांचें संबंधांचें जाळें पहिल्या प्रकरणांत येतें व पहिल्याच प्रकरणांत संपतें. पुढें त्या जाळ्यांत एकहि मासा सांपडत नाहीं. बहिणीच्या लग्नाचें कर्ज ज्याच्या घरीं अद्यापि फिटलेलें नाहीं असा विद्यार्थी विवाहसंस्थेचीं सहा कार्यें पाठ करतो. हुंडा तेथें नसतो. तो ‘सामाजिक समस्या’ या निराळ्या प्रकरणांत, पुष्कळदां निराळ्या वर्षीं येतो, आणि या दोन प्रकरणांची गांठ कोणीं घालून देत नाहीं. विवाह ही एक चांगली संस्था आणि हुंडा ही तिला बाहेरून जडलेली व्याधि, अशी समजूत घेऊन विद्यार्थी पदवीधर होतो. ही नुसती अपूर्ण माहिती नव्हे. ही चुकीची माहिती आहे.

जातिसंस्थेचें प्रकरण घ्या. येथें सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या व्याख्या ओळीनें मांडलेल्या आढळतात. चारी व्याख्या एकमेकींच्या शेजारीं इतक्या गुण्यागोविंदानें नांदतात कीं त्यांच्यांत कांहीं तंटा असेल अशी शंकाहि वाचकाला येऊं नये. याच चार व्याख्यांचें एका विद्यार्थ्यानें पूर्वीं काय केलें होतें तें पाहण्यासारखें आहे. ९ मे १९१६ रोजीं कोलंबिया विद्यापीठांत, प्रो. गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चावर्गांत, भीमराव आंबेडकर या पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें हिंदुस्थानांतील जातींची यंत्रणा, उत्पत्ति व विकास या विषयावर निबंध वाचला. पुढील वर्षीं तो ‘इंडियन अँटिक्वरी’ मध्यें छापला गेला. निबंधाच्या आरंभींच हे चार पंडित उभे केले आहेत. पण नमस्कारासाठीं नव्हे, उलटतपासणीसाठीं. सेनार यांनीं विटाळाच्या कल्पनेवर भर दिला. ती कल्पना जातीला धर्माच्या व पुरोहितवर्गाच्या संगतीनें चिकटली आहे, तिच्यावांचून जातीचें अडत नाहीं, हें आंबेडकरांचें उत्तर. नेसफील्ड यांनीं परजातीशीं अन्नव्यवहार नसणें हें लक्षण सांगितलें. तें तर कार्य, त्यालाच ते कारण समजून बसले. रिस्ले यांच्यापाशीं नवें कांहीं नाहीं म्हणून त्यांना लगेच रजा मिळते. केतकरांचा मान राखला आहे, कारण जात ही एकटीदुकटी नसते, जातींच्या मेळ्यांतच ती जात असते, हें त्यांनीं ओळखलें होतें; तरी त्यांचीहि सुटका नाहीं. जातीबाहेर विवाहाला बंदी आणि जन्मानेंच मिळणारें सभासदत्व अशीं दोन लक्षणें केतकरांनीं दिलीं. आंबेडकर म्हणतात, हीं दोन नव्हतच: विवाहाचें दार लावलें कीं जन्मावांचून आंत येण्याची वाट आपोआप बुजते.

एवढ्यावर निबंध थांबत नाहीं. खरा रंग पुढेंच आहे. समूहानें आपल्यांतच विवाह करावयाचे ठरविलें, तर विवाहयोग्य स्त्रियांची व पुरुषांची संख्या जुळती राखावी लागते. नवरा मेला कीं मागें राहिलेली स्त्री त्या हिशेबांत अधिक ठरते. बायको मेली कीं पुरुष अधिक ठरतो. मग त्या स्त्रीला सती घालवा किंवा जन्मभर विधवा ठेवा. पुरुषाला मात्र विवाहाच्या वयाला न आलेली मुलगी पाहून द्या. सती, सक्तीचें वैधव्य आणि बालविवाह या तीन चालींना आमच्या पाठ्यपुस्तकांत तीन निरनिराळीं कलमें असतात, आणि प्रत्येकीचें कारण ‘अज्ञान व रूढि’ असें दिलेलें असतें. निबंधांत त्या तिन्ही एकाच गणिताचीं उत्तरें म्हणून बाहेर पडतात. हें गणित सर्वांना मान्य व्हावें असा आमचा आग्रह नाहीं. पण समाजाचें शास्त्र कशाला म्हणावें याचा नमुना पाहिजे असेल तर तो हा.

आतां या निबंधाचें पाठ्यपुस्तकांत काय झालें? त्यांतील बंदिस्त वर्गाविषयींची एक ओळ उचलून ती पांचवी व्याख्या म्हणून केतकरांच्या खालीं बसविली. ज्या मनुष्यानें व्याख्यांची उलटतपासणी केली त्यालाच व्याख्याकारांच्या रांगेंत उभें करून मोकळे झाले! आणखी पाहा. एका समूहानें दार लावून घेतलें, इतरांनीं त्याचें अनुकरण केलें, आणि कांहींना आपल्यापुढचें दार लागलेलें आढळलें, असा जातींच्या फैलावाचा उलगडा या निबंधांत आहे. पुढें १९५२ सालीं कूर्ग लोकांवरील ग्रंथांत एम. एन. श्रीनिवास यांनीं संस्कृतीकरणाची कल्पना मांडली, तिच्याहि मुळाशीं वरिष्ठांचें अनुकरणच आहे. पण एकीकडे अनुकरणानें भिंती वाढतात, दुसरीकडे अनुकरणानें खालची जात पायरी चढूं पाहते. एकाच कृतीचीं हीं दोन फळें कशीं, हा प्रश्न अठरा वर्षांच्या मुलालाहि सुचेल. तो सुचूं नये अशीच जणूं व्यवस्था आहे, कारण एक विषय एका प्रकरणांत आणि दुसरा दुसऱ्यांत.

कोणी म्हणतील, आंबेडकरांची बुद्धि सर्वांना कोठून असणार? आम्ही बुद्धीची तुलना करीत नाहीं. रीतीची करीत आहों. दोन व्याख्या समोर ठेवून त्यांतील कोणती आपल्या गांवांत टिकते हें पाहणें ही लोकोत्तर प्रतिभेची गोष्ट नव्हे. तालुक्याच्या गांवीं कॉलेजांत येणारा, घरांतला पहिलाच शिकणारा मुलगा हें काम शहरांतल्या मुलापेक्षां अधिक चांगलें करील, कारण त्याच्यापाशीं सामग्री अधिक आहे. कूली यांनीं १९०९ सालीं समोरासमोरच्या जिव्हाळ्याच्या संबंधांवरून प्राथमिक समूहाची कल्पना मांडली. बांधाच्या वितीसाठीं वीस वर्षें कोर्टांत भांडणारी व मयताला मात्र सर्वांच्या आधीं येणारी भावकी या कल्पनेंत बसते कीं नाहीं? मामाची मुलगी करावी, आतेची करूं नये, ही चाल ज्याच्या घरांत आहे त्याला नातेसंबंधांचें शास्त्र परक्या शब्दांनीं सुरू करण्याचें काय कारण? इरावतीबाई कर्वे यांनीं हिंदुस्थानांतील नात्यांची मांडणी लोकांच्या तोंडच्या शब्दांवरूनच उभी केली.

मराठींतच जुनें एक पुस्तक आहे, तें या विद्यार्थ्यांच्या हातीं संबंध पडावें अशी आमची फार इच्छा आहे: त्रिंबक नारायण आत्रे यांचा १९१५ सालचा ‘गांवगाडा’. काळी आणि पांढरी, वतनदार आणि उपरे, बलुतीं आणि खळ्यावरचे मागते यांचें जें वर्णन त्यांत आहे तें ‘ग्रामीण समुदाय’ या मथळ्याखालीं येणाऱ्या दहा वैशिष्ट्यांच्या यादीनें भरून निघण्यासारखें नाहीं. कोणाचा हात कोणाच्या राशींत कसा जातो हें आत्र्यांना नेमकें ठाऊक आहे. भाषाहि अशी कीं तींत परिभाषेची टंचाई भासत नाहीं.

पण हें पुस्तक पूज्य म्हणून देऊं नये. आत्रे सरकारी नोकरींत होते, आणि त्यांची नजर बरीचशी कचेरींतून गांवाकडे पाहणाराची आहे. कुणबी राबतो व बाकीचे त्याला खातात, हें त्यांचें सूत्र. त्यामुळें फिरस्त्यांविषयीं लिहितांना त्यांची लेखणी कठोर होते, कधीं अन्यायी होते. ‘गुन्हेगार जाती’ हेंहि त्यांचेंच पुस्तक, आणि १८७१ चा तो कुप्रसिद्ध कायदा तेव्हां अंमलांत होता. तो १९५२ सालीं गेला. म्हणून ‘गांवगाड्या’च्या शेजारीं लक्ष्मण माने यांचें ‘उपरा’ (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचें ‘उचल्या’ (१९८७) ठेवावें. आत्र्यांनीं ज्यांना वेशींतून आंत येतांना पाहिलें त्यांनाच ती वेस बाहेरून कशी दिसली, हें तेथें आहे. ज्या वर्गांत पाटलाचा मुलगा आणि कैकाड्याचा मुलगा एकाच बांकावर बसतात तेथें हीं तीन पुस्तकें जोडीनें वाचलीं गेलीं तर वाद होईल, आणि तो होऊं द्यावा. हीं आत्मचरित्रें मराठी वाङ्मयाच्या वर्गांत शिकवितात. शेजारच्या खोलींत समाजशास्त्राचा तास चालू असतो.

मुंबई विद्यापीठांत या शास्त्राचा आरंभ १९१९ सालीं पॅट्रिक गेडिस यांच्या हातून झाला. नगर पायांनीं तुडवून पाहावें, मग त्याविषयीं बोलावें, अशी त्यांची रीत होती. १९२४ पासून ती गादी मालवणच्या डॉ. घुर्ये यांजकडे आली. घुर्ये मोठे ग्रंथी. तरी लोणीकंद गांवाविषयीं त्यांनीं केलेलें काम आम्हांस येथें विशेष आठवतें. पेशवाई बुडाल्यावर लवकरच टॉमस कोट्स नांवाच्या इंग्रज डॉक्टरानें या गांवाची माणसें, जमीन, घरें, कर्जें यांची हकीकत लिहून ठेवली होती. सुमारें सव्वाशें वर्षांनंतरच्या त्याच गांवाची स्थिति तिच्याशीं ताडून घुर्यांनीं १९६० सालीं पुस्तक प्रसिद्ध केलें. लोणीकंद पुणें-नगर रस्त्यावर आहे. पुण्याहून बसनें जाऊन संध्याकाळीं परत येतां येतें. तिसरी नोंद करावयास बी. ए.च्या एका वर्गाला एक वर्ष पुरे आहे.

२०२० च्या शैक्षणिक धोरणानें पदवीचें चौथें वर्ष संशोधनासाठीं उघडलें आहे. तीन वर्षें व्याख्या पाठ केलेला विद्यार्थी चौथ्या वर्षीं एकाएकीं पाहूं लागेल ही अपेक्षा आम्हांस विचित्र वाटते. फार मोठा बदल आम्ही मागत नाहीं. जातीच्या प्रकरणावरील प्रश्नांत ‘चार व्याख्या लिहा’ याऐवजीं ‘या चारांपैकीं एक व्याख्या तुमच्या गांवांतील दोन जातींना लावून पाहा व ती कोठें तोकडी पडते तें लिहा’ एवढें विचारावें. अशा उत्तराचें मार्गदर्शक छापतां येणार नाहीं, ही त्यांतली सोय. आणि परीक्षकाला प्रत्येक उत्तरपत्रिका खरोखरच वाचावी लागेल, ही गैरसोय. या दुसऱ्या गोष्टीमुळेंच ही सूचना अभ्यासमंडळांत अडेल अशी आमची अटकळ आहे.