प्रतिज्ञेतला पाईक

शाळेत प्रतिज्ञा आम्ही इतक्या वेळा म्हटली की तिच्यातला एकही शब्द कधी मनात थांबला नाही. उजवा हात पुढे, समोरचा मुलगा एक तुकडा म्हणणार, त्यामागून आम्ही. पाठ्यपुस्तकात या मजकुराखाली लेखकाचे नाव नसे, त्यामुळे तो कोणी लिहिला हा प्रश्नही पडला नाही. अनेक भाषा-धर्मांच्या देशाची राष्ट्रीय ओळख कशाने ठरते, या विषयावर वाचन करताना मी पुन्हा या मोजक्या वाक्यांपाशी आलो. राष्ट्रगीत देशभर एकाच शब्दांत गायले जाते. प्रतिज्ञा मात्र ज्या त्या शाळेच्या भाषेत म्हटली जाते, आणि माझ्या मते तिचे खरे महत्त्व इथेच आहे.

प्रतिज्ञेचे मूळ तेलुगू आहे. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी ती १९६२ मध्ये लिहिली, तेव्हा ते विशाखापट्टणमला जिल्हा कोषागार अधिकारी होते. पुढे केंद्रीय शिक्षणमंत्री एम. सी. छागला यांच्या काळात ती देशभरातल्या शाळांसाठी स्वीकारली गेली आणि २६ जानेवारी १९६५ पासून लागू झाली. ही तारीख लक्षात घेण्यासारखी आहे. संघराज्याच्या कारभारात इंग्रजी चालू ठेवण्यासाठी घटनेच्या ३४३व्या कलमाने दिलेली पंधरा वर्षांची मुदत नेमकी त्याच दिवशी संपत होती. १९६३ च्या राजभाषा कायद्याने इंग्रजीला वाट मोकळी ठेवली होती, तरी मद्रास राज्यात हिंदीविरोधी आंदोलन पेटलेच. एका भाषेने देश बांधता येईल का, यावर रस्त्यात रक्त सांडत असताना, प्रत्येकाने आपापल्या भाषेत म्हणायचे एक वचन शाळांत पोचत होते. दोन्ही गोष्टींची सांगड कोणी मुद्दाम घातली असे मी म्हणत नाही. पण ओळखीच्या दोन कल्पना त्या दिवशी समोरासमोर आल्या, हे खरे.

प्रतिज्ञेचे निरनिराळे पाठ शेजारी ठेवून वाचले की एक गंमत दिसते. तेलुगू पाठात भारत ‘मातृभूमी’ आहे, मराठीत तो ‘देश’ आहे. इंग्रजी पाठात वारसा एकवचनी आहे, हिंदीत ‘संस्कृति’ एकवचनी आहे. मराठीत मात्र ‘परंपरा’ अनेकवचनी आहेत. त्यापुढचा फरक अधिक मोलाचा. हिंदी पाठातला मूल त्या संस्कृतीचा सुयोग्य ‘अधिकारी’ होऊ पाहतो. अधिकारी म्हणजे इथे पात्र माणूस, हे मान्य. तरी त्या शब्दाला हक्काचा वास आहे. मराठी मूल ‘पाईक’ होऊ पाहते. पाईक म्हणजे पायदळातला शिपाई, धन्याची चाकरी करणारा. तुकोबांच्या गाथेत पाइकीचे अभंगच आहेत. म्हणजे कोषागारातल्या अधिकाऱ्याने तेलुगूत लिहिलेली प्रतिज्ञा मराठीत येताना वारकऱ्यांच्या ओळखीचा शब्द धारण करते. सोलापूरच्या तेलुगू भाषक विणकराच्या घरातले मूल मराठी शाळेत हा शब्द उच्चारते, तेव्हा ते आपल्या आणि शेजाऱ्याच्या अशा दोन्ही परंपरांची चाकरी पत्करत असते. अनेकवचनाचा अर्थ हाच.

पण हा मजकूर निर्दोष नाही. ‘बांधव’ या शब्दात इंग्रजी-हिंदीतल्या बहिणी हरवल्या. ‘पाईक’ होणारी मुलगीही व्याकरणात दिसत नाही. त्याहून गंभीर आक्षेप परंपरांच्या अभिमानाविषयी आहे. अस्पृश्यताही परंपराच होती. जिच्या आजोबांना गावाच्या पाणवठ्यावर मज्जाव होता, त्या मुलीने कोणत्या परंपरेचे पाईक व्हायचे? प्रतिज्ञेत अभिमान आधी येतो आणि निवड करायला जागाच नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी बजावले होते की हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे होतील. जाती राष्ट्रविरोधी आहेत. राष्ट्र आपल्याला आयते मिळालेले नाही, ते घडवायचे आहे, हा त्या भाषणाचा रोख होता.

म्हणून मला वाटते, प्रतिज्ञा शेवटाकडून सुरुवातीकडे वाचावी. शेवटी निष्ठा नुसत्या देशाशी नाही, देशबांधवांशीही आहे. आणि आपले सुख त्यांच्या कल्याणात मानले आहे. ही कसोटी हाती घेतली की परंपरांची निवड करता येते: जी माणसांचे कल्याण करते तिची पाइकी, जी करत नाही तिच्याशी झुंज. पाईक शेवटी लढणाराच असतो.

क्रियापदेही हेच सांगतात. देश माझा ‘आहे’, हे वर्तमानात सांगून झाले. पण पात्रता अंगी ‘यावी’, त्यासाठी प्रयत्न ‘करीन’. भाषा, धर्म, जात यांतले काहीही अट म्हणून घातलेले नाही. कोणी शत्रूही नेमलेला नाही. ओळख जन्माने सिद्ध झाली, असे या मजकुरात कुठेच म्हटलेले नाही; ती रोज सकाळी नव्याने कबूल करावी लागते. आज कोण किती भारतीय याची प्रमाणपत्रे मागणाऱ्यांनी आपले जुने पाठ्यपुस्तक काढून ते भविष्यकाळी क्रियापद एकदा सावकाश वाचावे.