राखेपासून ताऱ्यांपर्यंत

इतिहासाच्या वाटेवरील एखादे वळण निराळे पडले असते तर काय झाले असते, हा प्रश्न मराठी वाचकाला नवा नाही. डॉ. जयंत नारळीकर यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेने तो आपल्यापुढे फार पूर्वीच ठेवला आहे. त्याच जातीची आणखी एक कल्पना आहे: अणुयुद्धात सोव्हिएत संघ बेचिराख झाला, वाचलेल्यांनी समाज पुन्हा उभारला आणि त्यांची याने ताऱ्यांपर्यंत पोचली. कल्पना मनोहर खरी; परंतु राख आणि तारे यांच्यामध्ये माणसाच्या अंतःकरणात काय घडावे लागते, याचा विचार तीत क्वचितच होतो. तो करायचा तर सोव्हिएत कलावंतांनी स्वतः काय कल्पिले होते ते पाहावे, असे आम्हांस वाटते. त्यासाठी एक कादंबरी आणि एक चित्रपट आम्ही निवडला आहे.

इव्हान येफ्रेमोव्ह यांची ‘देवयानीचा तेजोमेघ’ ही कादंबरी १९५७ साली मॉस्कोच्या एका मासिकातून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. (देवयानी म्हणजे पाश्चात्त्यांची अँड्रोमेडा.) येफ्रेमोव्ह हे व्यवसायाने जीवाश्मशास्त्रज्ञ. मंगोलियातील गोबी वाळवंटात त्यांनी प्राचीन प्राण्यांच्या अस्थी शोधल्या, आणि मृत जीव मातीखाली जाऊन जीवाश्म कसे बनतात, याचा विचार करणाऱ्या शास्त्राला नाव व पाया दिला. मृत्यूनंतर काय उरते, हे ओळखण्याची या लेखकाची दृष्टी कसलेली होती.

ती दृष्टी कादंबरीच्या आरंभीच दिसते. झिर्दा नावाचा दूरचा ग्रह एकाएकी मुका झाला आहे. तेथे काय घडले हे पाहण्यासाठी ‘तंत्रा’ हे यान गेले आहे. कप्तान एर्ग नूर आणि त्याचे सोबती खाली पाहतात तो शहरे रिकामी, जीवसृष्टी नष्ट. सर्वत्र काळ्या खसखशीची फुले तेवढी पसरलेली. किरणोत्साराच्या अविचारी प्रयोगांनी तेथील लोकांनी आपल्याच हातांनी आपला शेवट ओढवून घेतला होता. एकाही प्रेताचे वर्णन न करता लेखकाने संपूर्ण जगाचा मृत्यू त्या काळ्या फुलांत दाखविला आहे. सबंध कादंबरीत याहून प्रभावी प्रसंग आम्हांस आढळला नाही.

योगायोग असा की, हे लेखन छापले जात असतानाच, २९ सप्टेंबर १९५७ रोजी उरल भागातील मायाक अणुकारखान्यात किरणोत्सारी कचऱ्याच्या टाकीचा स्फोट झाला. आसपासची गावे उठवावी लागली. पाचच दिवसांनी, ४ ऑक्टोबरला, स्पुटनिक आकाशात गेला. स्पुटनिकची वार्ता जगाला तत्काळ कळली. मायाकची गोष्ट सरकारने कबूल केली ती १९८९ साली. एकाच आठवड्यात एकाच देशाचे दोन चेहरे: एक ताऱ्यांकडे वळलेला, दुसरा मातीत पुरलेला.

आणि येथेच येफ्रेमोव्ह यांच्या कलाकृतीतील उणीव आम्हांस जाणवते. त्यांच्या भविष्यकाळातील पृथ्वी एकसंध, सुखी आणि श्रमनिष्ठ आहे. वेदा काँग ही इतिहासकार स्त्री, जिचे नाव आपल्या कानांना ओळखीचे वाटते, दूरच्या ताऱ्यांवरील श्रोत्यांना पृथ्वीचा इतिहास सांगते. विभक्त जगाचे युग संपले, एकत्र आलेल्या मानवाचे युग सुरू झाले, असा तो वृत्तान्त आहे. पण भावाने भावावर शस्त्र उगारण्याचे कसे थांबविले? कोणी कोणापुढे मान खाली घातली? कोणी कोणाला क्षमा केली? याविषयी वेदा काँग जवळजवळ काहीच सांगत नाही. इतिहासाची गती माणसाला पैलतीरी नेऊन सोडते, जणू मध्ये नदीच नव्हती.

तथापि लेखकावर अन्याय होऊ नये. याच कादंबरीत म्वेन मास नावाचा अधिकारी आहे. ज्ञानाच्या उत्कट ओढीने तो परवानगीची वाट न पाहता एक धाडसी प्रयोग करवितो. त्यात एक उपग्रह नष्ट होतो व त्यावरील माणसे प्राणांस मुकतात. म्वेन मास सबब सांगत नाही. दोष स्वतःवर घेऊन तो आपले पद सोडतो आणि विस्मृतीच्या बेटावर निघून जातो. पश्चात्ताप आणि प्रायश्चित्त हे शब्द न वापरताही लेखक त्यांच्या अगदी जवळ पोचला आहे. एका माणसाला जे त्यांनी करावयास लावले, ते सबंध समाजाला करावयास लावले असते, तर ही कादंबरी थोर ठरली असती.

जी नदी येफ्रेमोव्ह यांनी ओलांडून टाकली, तिच्याच काठावर कॉन्स्टान्टिन लोपुशान्स्की यांचा १९८६ सालचा चित्रपट आपल्याला उभे करतो. ‘मृत माणसाची पत्रे’ हे त्याचे नाव. पटकथालेखनात बोरिस स्त्रुगात्स्की यांचाही हात होता. अणुयुद्ध होऊन गेले आहे, आणि तेही यंत्रातील चुकीमुळे. नोबेल पारितोषिक मिळविलेला प्राध्यापक लार्सन एका वस्तुसंग्रहालयाच्या तळघरात काही सहकाऱ्यांसह दिवस कंठतो आणि एरिक या आपल्या मुलाला, तो हयात आहे की नाही हे ठाऊक नसताना, पत्रे लिहीत राहतो. पडद्यावर बहुतेक वेळ मळकट पिवळसर उजेड पसरलेला असतो.

यंत्राची चूक ही कथाकाराची सोय आहे, असे कोणी म्हणेल. पण २६ सप्टेंबर १९८३ रोजी अमेरिकेने क्षेपणास्त्रे सोडल्याची खोटी सूचना सोव्हिएत यंत्रणेने खरोखरच दिली होती, आणि स्तानिस्लाव पेत्रोव या अधिकाऱ्याने तिच्यावर विश्वास न ठेवल्यामुळे अनर्थ टळला होता. जगाला ही गोष्ट १९९० नंतरच कळली. चित्रपटकर्त्यांनी जे कल्पिले, ते त्यांच्याच देशात घडता घडता राहिले होते.

याही कलाकृतीत एक पळवाट आहे. घटना कोठे घडते ते सांगितलेले नाही आणि पात्रांची नावे परदेशी आहेत. ‘हे आमच्या हातून घडले’ असे म्हणण्याचे धैर्य किंवा मुभा येथेही पूर्णत्वाने नाही. परंतु लार्सनची एक कृती ही उणीव भरून काढते. आघाताने मुकी झालेली काही अनाथ मुले मध्यवर्ती तळघरात घेण्यास अधिकारी नकार देतात. वाचण्याची संधी स्वतःला असूनही लार्सन त्या मुलांपाशी राहतो. नाताळ येतो. काटक्या, तारा आणि मेणबत्त्यांचे तुकडे जमवून ती सारी मिळून नाताळचे झाड उभे करतात.

हा प्रसंग पाहताना आम्हांला आपल्या घराघरांतील गोठे आठवले. गवत, माती, जुने पुठ्ठे यांतून मुले ज्या तन्मयतेने गोठा उभारतात, तीच तन्मयता त्या मुक्या मुलांच्या हातांत आहे. दिग्दर्शक उपदेश करीत नाही. बाळ येशूचे नावही घेतले जात नाही. तरीही ज्या जगाला जागा उरली नाही, त्याच जगात एका जन्माचा सण साजरा होतो. लार्सन मरतो. जाण्यापूर्वी तो मुलांना सांगतो की, अंगात बळ आहे तोवर चालत राहा. एकामागे एक ती मुले वादळात निघतात. ती कोठे पोचतात, हे चित्रपट सांगत नाही.

दोन्ही कृती शेजारी ठेवल्या म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. येफ्रेमोव्ह यांच्याकडे पैलतीर आहे, वाट नाही; लोपुशान्स्की यांच्याकडे पैलतीर नाही, पण वाटेवरचे पहिले पाऊल आहे. इंजिनाची शक्ती आणि धान्याचे उत्पादन मोजून नवा समाज उभा राहतो, असे मानणाऱ्या कल्पित इतिहासांना आमची हीच हरकत आहे. नाकारलेल्या मुलाला ज्याने जवळ घेतले नाही आणि झालेल्या पापाची कबुली ज्याने दिली नाही, त्या समाजाचे यान कितीही दूर गेले तरी झिर्दावरच उतरणार.

घरातील जाणत्या मुलामुलींसह हा चित्रपट पाहावा आणि कादंबरीतील किमान झिर्दाचे प्रकरण वाचावे, अशी आमची शिफारस आहे. नंतर त्यांना एवढेच विचारावे: त्या काटक्यांच्या झाडापासून ताऱ्यांपर्यंत जायचे, तर मध्ये काय काय करावे लागेल? त्यांची उत्तरे आपण शांतपणे ऐकून घ्यावीत. कदाचित येफ्रेमोव्ह यांनी न लिहिलेले प्रकरण त्यांच्यापाशी असेल.