रानपिंगळा आणि खोटी चिठ्ठी

पाठचिकित्सा ही जुन्या पोथ्यांपुरतीच असते, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. परंतु खोटा पाठ खरा मानला गेला म्हणजे एखादा जिवंत प्राणी शोधावयाचा कोठें हेंच कळेनासें होतें, याचें उदाहरण आमच्या खानदेशांत घडलें आहे.

रानपिंगळ्याचें शास्त्रीय वर्णन ह्यूम यानें १८७३ सालीं केलें. पुढील दशकांत जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्यानें त्याचे कांहीं नमुने अविभक्त खानदेशांत मिळविले. त्यानंतरचा एक नमुना माइनर्ट्झहागेन यानें १९१४ सालीं गुजराथेंतील मांडवी येथें मिळाल्याचें नोंदविलें, आणि पुढील शोधकांनीं ती चिठ्ठी प्रमाण मानली. पामेला रासमुसेन यांनीं मात्र तिजवर संशय घेतला. तो पक्षी डेव्हिडसनच्याच संग्रहांतून चोरून, कातडी पुन्हां भरून, नव्या नांवानें ठेवलेला होता, असें निष्पन्न झालें. खोटी चिठ्ठी बाजूस सारून त्या व त्यांचे सहकारी जुन्या, खऱ्या ठिकाणांकडे वळले, तेव्हां नोव्हेंबर १९९७ मध्यें, त्या वेळच्या धुळें जिल्ह्यांतील शहाद्याजवळ, हा पक्षी जिवंत आढळला.

चिकित्सेचा हा विजय मोठा खरा. पण येथेंच थांबणें आम्हांस मान्य नाहीं. 'वन' हा शब्दही तितकाच तपासून घेतला पाहिजे. सातपुड्याचा पट्टा नकाशावर हिरवा रंगविला म्हणजे तेथें वन आहेच असें ठरत नाहीं. रानपिंगळा विरळ सागवानी रानांत राहतो व जुन्या झाडांच्या ढोलींत घरटें करतो. असें पोकळ झाड लाकडाच्या हिशेबीं निकामी! तें तोडून दहा रोपें लावलीं तर झाडांची संख्या वाढते, घरटें मात्र जातें. तसेंच, पिढ्यान् पिढ्या रानांत राहणाऱ्या भिल्ल-पावऱ्यांचे २००६ च्या कायद्यानें मानलेले हक्क आणि चोरटी लाकूडतोड यांस एकाच मापानें मोजणें, हाही खोटाच पाठ होय.

मेळघाटासारख्या इतर ठिकाणींही हा पक्षी आढळल्यावर, २०१८ सालीं तो 'अति संकटग्रस्त' वर्गांतून 'संकटग्रस्त' वर्गांत आला. येथें सुधारली ती आपली माहिती. रानाची प्रकृति नव्हे. म्हणून १९६९ सालीं स्थापन झालेल्या यावल अभयारण्याविषयीं किंवा धुळें-नंदुरबारच्या रानांविषयीं कोणताही अहवाल हातीं आला, तर सुज्ञ वाचकानें रोपांच्या आंकड्यावर समाधान न मानतां एकच प्रश्न विचारावा: ढोली असलेलीं जुनीं झाडें किती उभीं आहेत?