'युगान्त'मधील भीष्म : एकट्या माणसाचे वार्धक्य

इरावती कर्वे यांचे 'युगान्त' १९६७ साली प्रसिद्ध झाले आणि १९६८ साली त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. त्यातील भीष्मावरचा लेख आम्ही तरुणपणी वाचला, तो बाईंच्या निर्भीड तर्कासाठी. सेवानिवृत्तीनंतर तोच लेख पुन्हा वाचताना आमची दृष्टी निराळ्याच ठिकाणी थबकली. आम्ही अविवाहित, निवृत्तिवेतनाच्या कागदांवर वारसाच्या रकान्यात पुतण्याचे नाव लिहून मोकळे झालेले. अशा वाचकास भीष्म हा केवळ पुराणपुरुष राहत नाही.

बाईंचे म्हणणे थोडक्यात असे. स्वतःसाठी जगणाऱ्या माणसाच्या वर्तनास मर्यादा पडतात, कारण त्याच्या स्वार्थावर इतरांची नजर असते. त्यागी माणसावर तशी नजर नसते. परहिताच्या नावाखाली तो वाटेल तेथवर जाऊ शकतो. राज्य आणि विवाह या दोहोंवर पाणी सोडणारा देवव्रत याच वाटेने कुलाच्या प्रपंचात गुंतत गेला. भावासाठी त्याने काशिराजाच्या तिघी कन्या हरण करून आणल्या. त्यांतील अंबेच्या आयुष्याची वाताहत झाली. पुढे पुतण्यांसाठी गांधारी आणि माद्री आणल्या. वयाचा हिशेब करून बाई दाखवितात, की युद्धसमयी तो नव्वदीपलीकडे पोहोचला होता. तरीही सेनापतिपद त्यानेच पत्करले.

हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. संसारी माणसाला वयाचे टप्पे घरच दाखविते : मुलगा कर्ता होतो, सून येते, किल्ल्या हातातून जातात. एकट्या माणसाला 'आता पुरे' असे म्हणणारे कोणी नसते. पित्याच्या वराने भीष्माला मृत्यूची वेळ निवडता आली; बाजूला होण्याची वेळ मात्र साधता आली नाही.

तथापि एका ठिकाणी आमचा मतभेद आहे. बाईंचा भर भीष्माच्या कर्तृत्वाच्या जमाखर्चावर आहे, त्याच्या मरणावर तितका नाही. दहाव्या दिवशी तो पडतो आणि मग प्रथमच तो इतरांकडे काही मागतो. उशी मागतो, राजांनी आणलेल्या मऊ उशा नाकारून अर्जुनाच्या बाणांचे उसे घेतो. पाणी मागतो; तेही अर्जुनाच्याच बाणाने मिळते. आयुष्यभर देणाऱ्याच्या भूमिकेत राहिलेला हा वृद्ध अखेर घेणारा होतो, आणि तेही ज्याने पाडले त्याच्याच हातून. उत्तरायणाची वाट पाहत तो अठ्ठावन्न रात्री काढतो. शांतिपर्व व अनुशासनपर्व यांतील बराचसा उपदेश उत्तरकालीन आहे, असे अनेक अभ्यासक मानतात. तसे असले तरी परंपरेने एवढा ठेवा एका निपुत्रिकाच्या मुखी घालावा, हे अर्थपूर्ण आहे.

एकट्या माणसाच्या मनात वार्धक्यी एक प्रश्न येतोच : मागे आपल्या नावाने पाणी कोण सोडणार? परंपरेने भीष्मापुरते त्याचे उत्तर दिले आहे. माघ शुद्ध अष्टमीस भीष्मतर्पण करतात. ज्यांचे वडील हयात आहेत त्यांनाही हे तर्पण करता येते, आणि त्याच्या मंत्रात भीष्माचा उल्लेख 'अपुत्र' असाच आहे. त्याचा अभाव झाकला जात नाही; त्या अभावामुळेच सर्वांवर त्याचा हक्क पोहोचतो.

बाईंचा जमाखर्च बिनचूक आहे, आणि एकट्याने वृद्ध होणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा स्वतःला लावून पाहावा. परंतु आयुष्याचा हिशेब तोट्यात गेलेल्या माणसालाही लोक वर्षातून एकदा ओंजळभर पाणी देतात, ही नोंद त्या हिशेबाशेजारी असावयास हवी होती. तिच्यावाचून भीष्माचे चित्र कठोर होते, आणि काहीसे अपुरेही.